दोडक्याच्या वेलीवरचे शिक्के

आमच्या ताइनान गावातले चित्रकार पाकीट घरी विसरतात, शिक्का विसरत नाहीत. चित्र कितीही चांगलं उतरलेलं असो, कोपऱ्यात लाल शिक्का बसेपर्यंत ते घासायचं राहिलेल्या कढईसारखं वाटतं. पी-युननंही सवयीनं शिक्का मारला. त्यावर तिचं नाव होतं, आणि तो तिच्या नवऱ्यानं कोरलेला होता.

पी-युन होंगमावशींच्या आश्रयगृहात राहते. नवऱ्यानं तिचं एक मनगट मोडलं तेव्हा ती बहिणीकडं पळाली. तिथं शोधत येऊन त्यानं दुसरं मोडलं. त्यामुळं ती कुठं आहे हे कुणालाच सांगितलेलं नाही. मी आश्रयगृहातल्या बायकांना चित्रकला शिकवते, म्हणून मला ठाऊक.

आश्रयगृहासाठी चित्रकार मंडळाच्या सभागृहात लिलाव ठरला. गावच्या चित्रकारांनी एकेक चित्र दिलं. मी टबात बसलेली म्हैस दिली. बायकांच्या वतीनं पी-युनचा दोडक्याचा वेल ठेवला, निनावी. कोपऱ्यातला नखाएवढा शिक्का ना मावशींना दिसला, ना मला. दिसला तो चित्र भिंतीवर चढल्यावर, आणि त्याच वेळी दारातून त्साय मास्तर आत आले.

त्साय मास्तर म्हणजे तो नवरा. गावातले निम्मे दगडी शिक्के त्यांच्या हातचे, माझासुद्धा. चित्रकार मंडळानं त्यांच्याकडूनही एक कोरीव दगड मागून घेतला होता. आश्रयगृहात कोण राहतं हे मंडळाला सांगायचंच नसतं, त्यामुळं मंडळानं दात्याला रीतसर बोलावलं होतं. लोक वाकून नमस्कार करत होते. मास्तर खिशातून भिंग काढून पहिल्या चित्रापाशी उभे राहिले. ते चित्र बघत नाहीत, शिक्का बघतात. बायकोची चित्रंसुद्धा त्यांनी कधी पाहिली नव्हती.

दोडका भिंतीच्या शेवटाला होता.

मावशींचा चेहरा पिठासारखा झाला. त्या कुजबुजल्या, की याला कळलं तर हा आज आमच्या गाडीमागं स्कूटर घालेल. चित्र उतरवावं तर रिकामा खिळा बघून मास्तर चौकशी करणार. मी म्हटलं, चहा सांडते. मावशी म्हणाल्या, “तिची आधीची सगळी चित्रं त्यानं फाडलीत. हे तू भिजव.”

मी चहा खाली ठेवला.

मग मला जुन्या काळचा तो चिनी राजा आठवला, ज्याला चित्र आवडलं की तो त्यावरच्या आभाळात शिक्के मारत सुटायचा. आपल्याकडं याला रसिकता म्हणतात. मी लाल शाईची डबी उचलली आणि मोठ्यानं जाहीर केलं, की या एका चित्रावर सगळ्या दात्यांनी शिक्के मारायचे आहेत, आशीर्वाद म्हणून.

डोंगर-धबधबे काढणारे काओकाका जवळच होते. माझं आडनाव लो, म्हणून ते मला छोटी लो म्हणतात. “छोटी लो, मी दोडक्यावर शिक्का मारू?”

“नको काका. ज्यांचं गावात मोठं नाव आहे त्यांनीच मारायचाय.”

काकांनी लगेच शिक्का मारला. मग एक बाई मागं उभी राहिली, आणि रांग दिसली की आमच्या गावाला राहवत नाही. काही जण तर कसली रांग हे न विचारताच उभे होते. वेलीवर लाल चौकोन फुटू लागले. मी माझा शिक्का नेमका पी-युनच्या शिक्क्यावर दाबला. माझा मोठा आहे, सगळं झाकलं गेलं असतं. पण घाई झाली. तो तिरका बसला आणि तिच्या नावातलं ‘युन’ म्हणजे ढग, त्या अक्षराचं एक टोक बाहेर राहिलं.

दुसऱ्यांदा मारायच्या आत शेजारी भिंग आलं.

मास्तर वरून खाली येत होते. हा माझा, हाही माझा, असं पुटपुटत. वेलभर त्यांचंच काम होतं, त्यामुळं खूश होते. कोपऱ्यात आल्यावर थांबले. वाकले. भिंग मागंपुढं केलं. माझ्या मागं मावशी गाडीची किल्ली मुठीत धरून उभ्या होत्या.

“हा कुणाचा?”

“माझा, मास्तर.”

“खाली काय आहे?”

“तेही मीच. दोनदा मारला.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग पुन्हा त्या टोकाकडं. बराच वेळ. मला माझ्या म्हशीचा हेवा वाटला. ती निदान बसलेली होती.

“माझ्या दगडाची ही अवस्था करतेस,” मास्तर म्हणाले. “आण इकडं.”

माझ्या हातातला शिक्का त्यांनी हिसकावला, शाईत दोनदा ठोकला, बाही सावरली आणि श्वास रोखून दाबला. अंगठ्याखाली ते टोक दिसेनासं झालं. उचलला तेव्हा माझं नाव लखलखीत, सरळ बसलं होतं, आणि खाली कुणी नव्हतंच.

जाताना त्यांनी पहिल्यांदा चित्राकडं नजर टाकली. “दोडके बरे काढलेत,” म्हणाले, आणि चहाकडं गेले. मावशींनी मूठ उघडली तेव्हा तळव्यावर किल्लीचे दात उमटले होते.

पुढच्या वर्गात मी पी-युनला सगळं सांगितलं, दोडक्यांच्या कौतुकासकट. ती ब्रश धूत होती. पाणी स्वच्छ झालं तरी धूत राहिली.

“सरळ मारला?”

“अगदी सरळ.”

“मारताना त्यांचा हात कधी हलत नाही,” ती म्हणाली.

मग तिनं जुना शिक्का आपण होऊन मावशींकडं दिला आणि स्वयंपाकघरातून मुळ्याचा तुकडा आणला. दुखऱ्या मनगटानं त्यावर दोडका कोरला, नाव नाही. नव्या चित्राच्या कोपऱ्यात तो उमटवला. तिरका झाला होता. मी म्हटलं, पुन्हा मारूया.

“राहू दे,” ती म्हणाली आणि उरलेला मुळा खाऊन टाकला.