ऑस्टरमनचं हेल्मेट कुठंय?

मी एक जुनं हेल्मेट बोलतोय. मोटारसायकलवाल्याचं नव्हे हं! आयोवातल्या हार्लन फॉल्स कॉलेजच्या फुटबॉल संघाचं. मित्रांनो, आमच्या फुटबॉलमध्ये पायांचं काम थोडं आणि टकरांचं फार. चेंडू काखेत मारून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर धावून आडवं करायचं. कारखान्यात माझ्यावर घण आदळून पाहिले होते, तरी मी फुटलो नाही. त्याचा मला भारी तोरा होता.

त्या वर्षी मी कोल्बी ऑस्टरमनच्या डोक्यावर होतो. कोल्बीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. पळायला लागला की चार जण लोंबकळले तरी थांबायचा नाही. त्याच्यापुढे वाट मोकळी करायला असायचा त्याच्याच खोलीत राहणारा मार्लो टिब्स, बटाट्याच्या पोत्यासारखा रुंद आणि स्वभावाने अगदी मऊ.

टक्कर झाली की दुसऱ्या संघाच्या हेल्मेटचा रंग माझ्यावर उतरायचा. तो पुसायचा नाही, ही आमच्या पोरांची रीत. ज्याच्यावर ओरखडे जास्त, त्याची कॉलर ताठ. सप्टेंबरात मी पांढराशुभ्र होतो. मक्याची कापणी उरकेपर्यंत लाल, निळा, हिरवा झालो. आम्ही जिंकत चाललो होतो. शेवटून दुसऱ्या सामन्यात मात्र असा एक दणका बसला की माझ्या कपाळावर जांभळा पट्टाच उमटला. परतताना बसमध्ये कोल्बी दिव्याकडे बघेना.

"डोकं दुखतंय का रे?" मार्लोने विचारलं.

"हळू बोल ना, गाढवा! जरा गरगरतंय. हॅगर्टीबाईंना कळलं तर घरी बसवतील."

हॅगर्टीबाई म्हणजे संघाची दुखणीखुपणी बघणाऱ्या.

"मग सांगायलाच हवं ना?"

"मार्लो, शेवटची मॅच राहिलीय माझी. त्यानंतर मी आणि बाबांची डुकरं, बस्स! तुला माझी शपथ आहे."

मार्लोने कुणाला काही सांगितलं नाही. आठवडाभर जो तो माझ्या जांभळ्या पट्ट्यावरून बोट फिरवून जाई. कोच म्हणाले, "बघा रे, याला म्हणतात खेळाडू!" मीही फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

शेवटचा सामना आमच्याच मैदानावर, नदीपलीकडच्या ब्रॅनिगन कॉलेजशी. जो जिंकेल तो गटाचा विजेता. थंडी मी म्हणत होती आणि लोक अंगावर घोंगड्या घेऊन ओरडत होते. अर्धा खेळ व्हायच्या आतच कोल्बीला पुन्हा जोराची धडक बसली. तो उठला, पँट झटकली आणि ब्रॅनिगनची पोरं घोळका करून पुढचा डाव ठरवत होती, तिथे जाऊन गुडघ्यांवर हात टेकून ऐकत उभा राहिला.

"काय पाहुणे, चहा घेणार का?" त्यांच्यातला एक म्हणाला. सगळं मैदान खो खो हसलं.

मार्लो तेवढा हसला नाही. धावत आला, दंडाला धरून कोल्बीला बाहेर नेलं, त्याच्या हनुवटीखालचा पट्टा सोडला आणि मला हॅगर्टीबाईंच्या हातात कोंबलं.

"बाई, याला गेल्या मॅचपासून गरगरतंय. मला माहीत होतं."

बाईंनी कोल्बीच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि मान हलवली. आमच्याकडे हेल्मेटशिवाय कुणी मैदानात उतरू शकत नाही. म्हणून अशा वेळी पोराला नव्हे, हेल्मेटलाच कोंडतात. बाईंनी मला बाकाखाली सरकवलं आणि वर आपला जाड कोट टाकला.

"माझं हेल्मेट कुठंय? स्कोअर काय झाला?" कोल्बी विचारत होता. बाईंनी सांगितलं. जरा वेळाने पुन्हा, "माझं हेल्मेट कुठंय? स्कोअर काय झाला?" पहिल्यांदा मला वाटलं, ओरडावं, इथं आहे मी! पण तेच ते शब्द पुन्हा पुन्हा ऐकले आणि माझा सगळा तोरा उतरला. मी भ्यायलो.

मग त्याला समोर मार्लो दिसला.

"जळतोस ना माझ्यावर? चालता हो! आजपासून तू माझा कुणी नाहीस."

मार्लोने आपलं हेल्मेट चढवलं आणि तो मैदानात गेला. खेळ संपायचा होता ना अजून. आम्ही थोडक्यात हरलो.

तो हिवाळा कोल्बीने पडदे ओढलेल्या खोलीत काढला. पुस्तक नाही, फोन नाही. बर्फ वितळेपर्यंत त्याचं डोकं ताळ्यावर आलं. कॉलेज सोडताना आमची मुलं आपापलं हेल्मेट घरी नेतात. तो मला न्यायला सामानाच्या खोलीत आला, तेव्हा मार्लो तिथेच होता.

"ती मॅच मला आठवतच नाही रे," कोल्बी म्हणाला. "बुटांच्या नाड्या बांधल्या, इथवर आठवतं. सांग ना."

मार्लोने सांगितलं. ब्रॅनिगनच्या घोळक्याचं ऐकून कोल्बी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. मग एकदम थांबला.

"मी तुला काही बोललो का रे त्या दिवशी? हिवाळाभर तू माझ्या नजरेला नजर देत नाहीस, म्हणून विचारतो."

मार्लो माझा पट्टा उगाच लावत-सोडत राहिला.

"छे! हेल्मेट मागत होतास फक्त. दुसरं काय बोलणार तू?"

मी कोटाखाली होतो, मित्रांनो, पण मी सगळं ऐकलं होतं.

आता ऑस्टरमनांच्या घरात एका फळीवर माझं म्हातारपण चाललंय. माझं कवच घट्ट आहे, कवटी फुटू देत नाही. पण आतला मेंदू हिंदकळतो, तो मला धरून ठेवता येत नाही. म्हणून हात जोडून सांगतो, डोक्याला मार बसला तर लपवू नका. आणि मित्र लपवत असेल तर तुम्ही सांगा. तो चिडेल, नको नको ते बोलेल. बोलू द्या.