वर ताई, खाली बेबी

माझी तिसरी पायरी कडेला बावीस मिलिमीटर जाड आहे आणि मध्ये साडेवीस. मध्यापासून थोडे उजवीकडे बोट फिरवले तर एक उथळ खळगा लागतो. माळ्यावरची वस्तू खाली देताना माणसाला कमरेतून वळावे लागते आणि वळताना सगळा भार उजव्या चवड्यावर येतो. एकतीस वर्षे तो एकाच पायाचा भार त्याच जागी पडत आला, म्हणून तेवढे लाकूड झिजले.

मित्रांनो, मी एक जुनी घडीची शिडी आहे. मला पाच पायऱ्या, दोन पितळी बिजागऱ्या आणि पाय फाकू नयेत म्हणून मधोमध एक साखळी आहे. एका सुताराकडे दाराच्या चौकटीतून उरलेल्या फळ्या होत्या. त्यांना रंधा मारून त्याने मला बनवले, पायांना रबरी टोप्या चढवल्या आणि स्वतः वर चढून दोनदा दणादणा उड्या मारल्या. मग मला न्यायला आलेल्या ताईंना तो म्हणाला, "हिला घरातल्या सगळ्यांचं वजन कळेल. पण बिनधास्त राहा, ही बाहेर बोलायची नाही." मी अजूनपर्यंत बोललेले नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांचे. त्यात दोघी बहिणी राहतात. थोरल्या ताई औषधांच्या दुकानात औषधे मोजून द्यायच्या. आता निवृत्त आहेत. धाकटी कपडे शिवते. तिचे मशीन पुढच्या खोलीतल्या मोठ्या खिडकीशी असते. तिला सगळे बेबी म्हणतात. बेबी अठ्ठावन्न वर्षांची आहे.

वर्षाचे अकरा महिने मी न्हाणीघराच्या दारामागे उभी असते. माझ्यावर ओले फडके वाळत घालतात. कधी बल्ब गेला किंवा पंख्यावर धूळ साचली की माझी आठवण होते, एरवी नाही. एका वर्षी मला गॅलरीत विसरले होते आणि पावसाने माझे लाकूड इतके फुगले, की मला उघडायला दोघींना दोन्ही बाजूंनी ओढावे लागले. मी कुरकुरले खरी, पण राग धरला नाही. कारण थंडी सरली, खिडकीतले ऊन मशीनच्या चाकापर्यंत पोहोचू लागले, की एके सकाळी ताई पदर खोचून म्हणतात, "बेबी, शिडी काढ." मग चार दिवस ते घर माझ्याशिवाय हलत नाही.

त्या चार दिवसांचा एक नियम आहे. उंच म्हणून लहानपणापासून ताई वर आणि बेबी खाली. वर असेल तिने ठरवायचे, खाली असेल तिने धरायचे आणि पुसायचे. जाड गोधड्या, लोकरी कपडे वर जातात. सुती चादरी, पातळ पडदे, फिकट रंगाचे टेबलक्लॉथ खाली येतात. काचा पुसायला ताई औषधाच्या मापानेच मोजतात, एक माप व्हिनेगर आणि चार मापे पाणी, आणि मग वर्तमानपत्राच्या बोळ्याने काच कोरडी. चौथ्या दिवशी दुपारी काकडी, पुदिना घातलेले दही आणि लोण्यावर परतलेला कोवळा मटार घेऊन दोघी खिडकीपाशी जेवायला बसतात. खोलीला तेव्हा धुतलेल्या सुताचा वास येत असतो. मला घडी करून भिंतीला टेकवलेले असते. माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे तास म्हणजे हे.

माळ्यावरच्या खोक्यांवर ताईंनी बारीक, गोल अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. पूर्वी त्या प्रत्येक चिठ्ठी मोठ्याने वाचायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी वाचणे सोडले. "पाठ झालंय सगळं," त्या म्हणाल्या. त्याच वर्षी मला आणखी एक गोष्ट जाणवली. त्यांचे पाऊल माझ्या पायरीवर सरळ पडेनासे झाले. आधी अंगठा कडेला लागायचा, मग पुन्हा एकदा लागायचा, आणि मग भार यायचा. पाय पायरी शोधत होता.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले होते. त्यांनी दिलेले माहितीपत्रक बेबीने माझ्या पहिल्या पायरीवर बसून मोठ्याने वाचले होते, म्हणून मलाही ठाऊक आहे. डोळ्यातले भिंग हळूहळू पिवळट होत जाते आणि पांढरे आणि फिकट पिवळे यांतला फरक पुसट होतो. ऑपरेशन लहानसे असते, पण नंतर काही आठवडे चढाउतर करायची नाही आणि जड उचलायचे नाही. ते ऐकून ताई म्हणाल्या, "साफसफाई झाली की बघू." साफसफाई झाल्यावर म्हणाल्या, "उन्हाळा जाऊ दे." उन्हाळा गेला, थंडी गेली, आणि पुन्हा साफसफाई आली. बेबीने विषय काढला की ताईंना नेमके गॅसवर काहीतरी ठेवल्याचे आठवायचे.

बेबीने मग वाद घालणे सोडले. तिने एवढेच केले, की खोकी पुन्हा वर देताना ती अगदी पूर्वीच्याच क्रमाने दिली. डावीकडून पहिले टेबलक्लॉथ, दुसरे पांढरे पडदे, तिसरे लोकरी कपडे. ताई हाताने मोजून काढायच्या आणि बरोबर निघायचे.

सगळ्यात मागे, भिंतीला लागून, पिवळ्या पडद्यांचे खोके असायचे. ते बेबीने नऊ वर्षांपूर्वी शिवले होते, लिंबाच्या सालीसारख्या फिकट पिवळ्या कापडाचे, दुहेरी दुमड घालून. ताईंनी ते एकदा लांबून पाहिले आणि म्हणाल्या, "भडक आहेत गं. वाढदिवसाच्या हॉलसारखं वाटेल." वर असणारी ठरवते, म्हणून पडदे मागे गेले आणि तिथेच राहिले. बेबी दर वसंतात म्हणायची, "यंदा पिवळे लावून बघू या का?" आणि ताई वरून म्हणायच्या, "नीट धर, बोलू नकोस."

यंदा माळ्याच्या भिंतीला ओल आली होती म्हणून रंगारी आला. त्याने खोकी उतरवली, भिंत रंगवली आणि जाताना ती आकाराप्रमाणे नीट रचून ठेवली. मोठी मागे, लहान पुढे. बेबी तेव्हा एका गिऱ्हाइकाचे माप घेत होती.

चौथ्या दिवशी सकाळी ताई वर चढल्या. हात माळ्यात घातला, डावीकडून दुसरे खोके ओढले आणि खाली दिले. "पांढरे पडदे. धर."

बेबीने झाकण उघडले. आत पिवळे होते. तिने वर पाहिले.

"काय झालं? पांढरेच ना?"

"हं," बेबी म्हणाली.

तिने मला खिडकीशी सरकवले. ताईंनी दांडी काढली, पडदे ओवले आणि दांडी पुन्हा खुंट्यांवर बसवली. उतरताना त्यांचा अंगठा दुसऱ्या पायरीची कड शोधत राहिला, ती सापडली नाही, आणि टाच हवेत गेली. माझी साखळी ताणली गेली. बेबीने एका हाताने मला धरले आणि दुसऱ्याने ताईंची कंबर.

"काही नाही," ताई म्हणाल्या, "पाय ओला होता."

पाय कोरडा होता, मित्रांनो. मी तर त्याच्या खालीच होते.

जेवायला बसल्यावर ताईंनी समाधानाने खिडकीकडे पाहिले. "बघ, पांढऱ्याची सर कशाला नाही. खोली कशी स्वच्छ दिसते. तुझ्या त्या पिवळ्यांनी असं दिसलं असतं का?"

बेबीला आधी हसूच फुटले. तिने तोंडावर हात धरला. मग हसू गेले आणि हात तिथेच राहिला.

मित्रांनो, मला इथे थोडे थांबून तुम्हाला काही सांगायचे आहे. माझा एखादा स्क्रू सैल झाला तर मी फक्त कुरकुरू शकते. ते कोणी ऐकले तर ठीक, नाही तर माणूस पडल्यावरच कळते. तुमच्या घरातल्या शिडीवर वर्षातून एकदा तरी हात फिरवा, तिचे स्क्रू आवळा, तिच्या रबरी टोप्या बघा. आणि तिच्यावर चढणाऱ्या माणसाचेही काही सैल झाले असेल तर त्याला सांगा. तुम्हाला बोलता येते. त्या दुपारी त्या दोघींपैकी कोणीतरी बोलावे म्हणून मी भिंतीला टेकून वाट पाहत होते.

"ताई," बेबी म्हणाली, "हे पिवळे आहेत."

"कोणते?"

"लावलेत ते. रंगाऱ्याने खोकी बदलून ठेवली."

ताई उठल्या. पडद्याची खालची कड त्यांनी बोटांत धरून चुरली. "दुहेरी दुमड," त्या म्हणाल्या. "तुझीच. मग मघाशी का नाही बोललीस?"

"नऊ वर्षांनी खिडकीला लागले. म्हटलं, एक जेवण तरी होऊ दे."

"चोर कुठली." ताई हसल्या आणि परत येऊन बसल्या. "आणि दोन वर्षं ती खोकी ओळीने देत होतीस ती? मला कळत नव्हतं होय?"

"कळत होतं?"

"तू बोलली नाहीस, म्हणून मीही नाही बोलले. बरं चाललं होतं."

"बरं नाही चाललं. मघाशी पडली असतीस."

"पडले नाही."

"मी धरलं म्हणून. उद्या मी घरात नसताना बल्ब बदलायला चढलीस तर कोण धरणार आहे?"

ताईंनी ताटातला एक मटार चमच्याने इकडून तिकडे सरकवला. "एक वसंत मी खाली बसले ना," त्या म्हणाल्या, "की तू मला परत वर चढू द्यायची नाहीस."

"नाहीच देणार."

"निदान खोटं तरी सांग."

"आजच्यापुरतं एक सांगून झालं."

ताई पुन्हा हसल्या. मग बराच वेळ त्या खिडकीकडे पाहत राहिल्या. आधी एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून, दुकानात औषधाची पातळी बघायच्या तशा. वाऱ्याने पडदा आत आला आणि मशीनवर टेकला. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"बेबी," त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना आजच फोन लाव. ऑपरेशन करून घेते मी."