साहेबांसमोर मी पाणी दिले

मित्रांनो, मी एक जुना हापसा आहे. इंदापुरातल्या एका लहानशा वसाहतीच्या बागेत, कोपऱ्यात उभा आहे. जवळ येऊन दांडा हलवू नका, उगाच हात दुखतील. तीन वर्षे झाली, माझ्या तोंडातून थेंब आलेला नाही. आता उरले आहे ते नुसते बोलणे, आणि तेही कुरकुरीचेच.

सत्याहत्तर साली बोअर मारणारी गाडी आली. काळा खडक फोडून पाणी लागले तेव्हा बायकांनी माझ्या दांड्याला हळद-कुंकू लावले, नारळ फोडला. काय थाट होता माझा! पहाटेपासून घागरींची रांग. पुढे घरोघर नळ आले आणि लोक मला विसरले. माझ्याभोवतीच्या मोकळ्या जागेला तारेचे कुंपण घातले आणि तिला बाग म्हणू लागले. बागेत होते काय? एक मोडका झोपाळा आणि मी.

एकटी सारजा मला विसरली नाही. ती फाटकाशी बसून भाजलेल्या शेंगा विकायची. तिने कुणाला न विचारता बागेत कडुनिंबाची नऊ रोपे लावली. "पोरं उन्हात खेळत्यात, त्यास्नी सावली नगं व्हय?" म्हणायची. रोज सकाळी माझ्याकडून नऊ घागरी भरून रोपांना घालायची. पण तोवर माझ्या पोटातले कातडी वॉशर झिजले होते. चाळीस-पन्नास वेळा हापसावे, तेव्हा कुठे पाणी वर यायचे. "मेल्या, किती छळशील!" असे ती करवादायची. मला ते गोड वाटायचे, खोटे कशाला बोलू?

शहाण्णव साली बातमी आली, की बागेच्या सुधारणेसाठी सरकारी निधी मिळणार आहे. वसाहतीने मंडळ स्थापन केले. महिपतराव अध्यक्ष झाले. नळ आणि पाइपचे दुकान चालवणारे बादशाहभाईही मंडळात होते. कामांची यादी करताना त्यांनी पहिले नाव माझे घातले. "आधी हापसा. पाणी असंल तर बाग, न्हायतर नुसती माती," ते म्हणाले. माझ्या नळ्या वर काढायला गाडी लागते, चार जाणकार माणसे लागतात. वसाहतीला ते झेपणारे नव्हते, म्हणून निधीवर सगळी आशा होती. सारजा तर रोपांशी बोलायची, "आता कळ काढा जरा."

मग निधी देणाऱ्या सरकारी साहेबांच्या पाहणीचा दिवस ठरला. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. साहेब येणार म्हटले की सगळे लख्ख! महिपतरावांनी कुंपणाच्या खांबांना चुना लावला, मला निळा रंग दिला. आणि सारजा? ती बिचारी उजाडल्यापासून मला हापसत राहिली, पाणी वरच राहावे म्हणून. "पाव्हण्यापुढं लाज जायला नगं," एवढेच तिच्या डोक्यात होते. अहो, वैद्यापुढेच दुखणे लपवायचे, याला काय म्हणावे?

साहेब आले. त्यांनी दांडा धरून दोनदा हापसले आणि मी भळाभळा पाणी ओतले. मला कळत होते, मित्रांनो. तेव्हा पाणी खाली सोडले असते, कोरडा खोकलो असतो, तर काम झाले असते. पण अंगावर नवा रंग आणि समोर एवढी माणसे! मीही शेफारलो.

"वा, हापसा ठणठणीत आहे. बाई, छान राखलात," साहेब म्हणाले. सारजा लाजून हसली.

बादशाहभाई पुढे झाले. "साहेब, रोज असं पाणी न्हाय येत..."

महिपतरावांनी त्यांची बाही ओढली. "चांगलं म्हणत्यात तर म्हणू द्या की!"

साहेबांनी यादीतले माझे नाव खोडले. माझ्या वाट्याच्या पैशात कारंजे बसवायचे ठरले.

कारंज्याचे उद्घाटन टँकरच्या पाण्यावर झाले. ते दोन तास उडाले, पोरे भिजली, फोटो निघाले. त्यानंतर ते कधी उडाले नाही.

पुढच्या चैत्रात मी कायमचा बंद पडलो. बादशाहभाईंनी अर्ज केला. उत्तर आले, की कागदोपत्री हापसा चालू आहे, चालू हापशाला दुरुस्ती मंजूर करता येत नाही. सारजा घरच्या नळाचे पाणी डोक्यावरून आणू लागली. नळालाही उन्हाळ्यात दोन दिवसांआड पाणी, त्यात तिचे गुडघे दुखरे. कुठवर पुरणार? मुरमाड जमिनीत एकेक निंब वाळत गेला. ज्येष्ठ लागला तेव्हा तिने नववे रोप हाताने उपटले आणि ते मांडीवर घेऊन माझ्या ओट्यावर बसली.

"त्या दिशी तू पाणी दिलं नसतंस तर बरं झालं असतं रं," ती म्हणाली. मग रोपाच्या मुळांची माती झटकत म्हणाली, "पर मीच हापसत बसले व्हते की."

पाणी देत नाही म्हणून मी आयुष्यभर बोलणी खाल्ली. पाणी दिले म्हणून खाल्ली ती एकदाच, आणि ती खरी होती. सारजा आता बारामतीला लेकीकडे असते. पोरे अजून उन्हातच खेळतात.

मित्रांनो, पाहुण्यांना चहा चांगल्या कपातून जरूर द्या. पण मोडके असेल ते मोडकेच दाखवा. उद्या तुमच्या शाळेचे छप्पर गळत असेल आणि पाहणीला साहेब येणार असतील, तर त्यांची खुर्ची गळतीखालीच मांडा. आम्हाला ते जमले नाही.