चाकीवरचं तेल

सायकल पोलिसांकडून परत आली तेव्हा तिच्यावर एवढं होतं: हँडल एक, डावीकडे मुडपलेलं. पुढचं चाक एक, वाकून आठच्या आकड्यासारखं झालेलं. दिवा एक, काच तडकलेली, आतला बल्ब मात्र शाबूत. मागचं चाक सरळ, आणि त्याच्या टायरला टेकलेला डायनॅमो. घंटी नव्हती.

धाकटीने उकिडवं बसून हे सगळं नीट पाहून घेतलं. दादाला जाऊन महिना होत आला होता. त्याला धडक देणारा ट्रकवाला पहिल्यापासून एकच सांगत होता: अंधारून आलं होतं, वळण होतं, आणि समोरून दिवा दिसलाच नाही. पण डायनॅमो टायरला टेकलेला, म्हणजे दादाने दिवा लावला होता. मग तो पेटला का नाही, हे घरात कोणी मोठ्याने विचारत नव्हतं. उत्तर बाबांपाशी जाऊन थांबेल, याची सगळ्यांनाच धास्ती होती.

बाबा जन्मभर लेथवर राबलेले. जे जे फिरतं त्याला तेल लागतं, हा त्यांचा हिशेब. घरातल्या एकाही बिजागरीने कधी ब्र काढला नव्हता. "जावई आला तर त्याच्याही गुडघ्यात दोन थेंब सोडतील," असं आई म्हणायची. दर रविवारी ते दादाच्या सायकलीला तेल घालत, आणि तिथे हात फिरलाच की डायनॅमोच्या चाकीच्या डोक्यावरही. अपघाताआधीच्या रविवारीही घातलं होतं. ही चाकी टायरवर घासून फिरते, तेव्हाच दिव्याला वीज मिळते. तेल ओघळून तिच्या कडेला आलं, तर टायर नुसतं पुढून पळत राहतं आणि चाकी घसरते.

"मोजून सांग," बाबा म्हणाले.

"राहू द्या ना, बाबा. त्याने काय होणार आहे?"

"मग तो वीज मोजायचा मीटर काय शोभेला घेतलायस?"

तिने सायकल स्टँडवर चढवली. मागचं चाक अधांतरी झालं. मीटरच्या दोन वायरी जोडून ती हाताने पायडल फिरवू लागली, सेकंदाला एक फेरा. तडकलेल्या काचेमागे बल्ब पिवळा पेटला.

"सहा पूर्णांक एक व्होल्ट," ती म्हणाली. त्या बल्बला सहाच लागत. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. "दिवा लागत होता, बाबा. तो माणूस खोटं बोलतोय."

बाबा खाली वाकले. त्यांनी चाकीवरून अंगठा फिरवला आणि नाकाशी नेला.

"रॉकेलने पुसलीय ही."

आई दारात उभी होती. "चिखल होता तिच्यावर. सगळी सायकलच पुसली मी."

"सगळी? मडगार्डवर तर चिखल तसाच आहे."

आईने दाराची चौकट धरली. "एक गेला. आता तुम्ही असे झुरत बसलात, तर मी कोणाकडे बघायचं?"

बाबा तिच्या शेजारून आत गेले आणि तेलाची बुधली घेऊन आले. पहिला थेंब जमिनीवर पडला. पुढचे दोन चाकीच्या डोक्यावर पडले आणि तिच्या खाचांमधून हळूहळू खाली उतरले.

"फिरव. मघाइतक्याच वेगाने."

"बाबा, नको."

"मघाइतक्याच."

तिने मनात सेकंद धरले आणि पायडल फिरवलं. टायर सरसरत फिरू लागलं. चाकीने दोन-चार गिरक्या घेतल्या आणि मग ती अडखळत, थांबत, पुन्हा हलत राहिली. आई आत गेली नव्हती.

"किती?" बाबांनी विचारलं.

"एक पूर्णांक दोन."