मुलाची हरकत नाही

कोर्टाच्या दिवशीही मावशीने आधी गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला काज-बटणं केली, मग टिंगीला आपणच शिवलेले शर्ट-पँट घालून ती निघाली.

आईविना पोर. बाप बाहेरून कडी लावून खुशाल गावभर हिंडायचा. शेजाऱ्यांनी दार फोडून तिला बाहेर काढलं तेव्हा डोक्यात नुसत्या जटा. मावशीने केस मुळापासून कापले. आता बापाला लेकीचा उमाळा आला होता. टिंगीने कुठे राहायचं, ते आज ठरणार होतं.

अशा खटल्यात मुलालाही स्वतंत्र वकील मिळतो. केवढी सोय! टिंगीचे वकीलसाहेब बापाच्या वकिलाबरोबर ढेकर देतच कॅन्टीनमधून उगवले. पुकारा झाल्यावर त्यांनी नेहमीचं पाठ वाक्य म्हटलं, "मुलाची हरकत नाही. वडिलांकडे जायला तो राजी आहे."

मावशी उठली. "मॅडम, मुलगी आहे ती."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी बारीक केसांच्या टिंगीकडे बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"असेल," ते म्हणाले, "त्याने मुद्द्यात काही फरक पडत नाही."

"खाली बसा," न्यायाधीशबाई म्हणाल्या, आणि ते मावशीला नव्हतं. त्यांनी टिंगीला जवळ बोलावलं. "बाळा, यांनी तुला काय विचारलं?"

"कितवीत आहेस म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगणार होते. पण त्यांचा फोन आला."

"आणि तुला कुठे राहायचंय?"

टिंगीने आधी मावशीकडे पाहिलं, मग बापाकडे बघायचं टाळून हळूच म्हणाली, "जिथे बाहेरून कडी लावत नाहीत तिथे."

न्यायाधीशबाईंनी वकील बदलून दिला, पुढची तारीख दिली, आणि तोवर पोरगी मावशीकडेच राहील असं सांगितलं.

बाहेर साहेबांनी मावशीला गाठलं. चेहऱ्यावर शरमेचा मागमूस नाही. "ताई, एवढं मनाला लावून घेऊ नका. आमच्याकडे हे रोजचंच असतं."

"रोजचंच?" मावशीने टिंगीचा हात घट्ट धरला. "मग मीही रोज येऊन कोर्टातल्या त्या बाकावर बसेन. शिवण काय, मांडीवर घेऊनही होते."

साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला.

दुसऱ्या दिवशी मावशी बाकावर होती. समोर एका अनोळखी पोराचं नाव पुकारलं जात होतं, आणि त्याच्यासोबत कुणीच आलं नव्हतं.