साहेबांचं वचन

नीलांबरीचं डोकं सकाळपासून फिरलेलं होतं. जर्मनीतल्या गार्चिंगच्या तिच्या पर्यावरण संस्थेत आज परदेशी साहेबांचा सत्कार होता, नदी वाचवल्याबद्दल. आणि नदी वाचवली होती लानने.

लानच्या देशात पक्ष एकच, सरकारही त्याचंच, आणि साहेब त्याच सरकारातले बडे अधिकारी. तिची चार माणसांची संस्था तीन वर्षं नदीच्या पाण्याचे नमुने पाठवत होती आणि नीलांबरी ते तपासत होती. रंगाच्या कारखान्याचं गटार सापडलं, तेव्हा लानने अहवालातून स्वतःचं नाव काढायला लावलं.

"शोध साहेबांच्या खात्याने लावला असं लिही. मग ते गटार बंद करतील. आमचं नाव आलं, तर आम्हालाच बंद करतील."

नीलांबरीने दातओठ खात तसं लिहिलं. महिन्याभरात गटार बंद झालं.

आता साहेब मंचावर होते आणि शेजारी लान, दुभाषी म्हणून. साहेबांना स्वतःच्या भाषेपलीकडे काही येत नव्हतं. आपल्या खात्याने रात्रीचा दिवस कसा केला ते साहेब रंगवून सांगत होते आणि लान शांतपणे इंग्रजीत उतरवत होती.

"बरं, पण नमुने कोणी घेतले?" पुढच्या रांगेतल्या एका प्राध्यापिकेने विचारलं.

"आमच्या माणसांनी," लानने साहेबांचं उत्तर सांगितलं.

नीलांबरीला राहवेना. ती अर्धवट उठली, पण लानने तिच्याकडे असं काही रोखून पाहिलं की ती मुकाट्याने खाली बसली. संतापाने तिला रडूच येत होतं.

"आणि पुढे काय करणार?" प्राध्यापिकाबाईंनी विचारलं.

साहेब चार शब्द बोलले. लान मात्र चांगली मिनिटभर बोलली. "खालच्या अंगाला कातडी कमावण्याच्या कारखान्याचं दुसरं गटार आहे. स्थानिक संस्थांना सोबत घेऊन तेही मार्चपर्यंत बंद करू, असं साहेब वचन देतात."

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब खुलले, उठून दोनदा वाकले.

चहाच्या वेळी नीलांबरीने लानला कोपऱ्यात गाठलं. "अगं, त्यांना कळलं तर?"

"कळेलच. पण तुमचा वृत्तांत आधी आमच्या मंत्रालयात पोचू दे. मंत्र्यांनी एकदा अभिनंदन केलं, की 'मी असं म्हणालोच नाही' हे सांगायची हिंमत साहेबांना व्हायची नाही."

"आणि झाली तर?"

"तर मी तुरुंगात," लान म्हणाली आणि साहेबांसाठी केक घेऊन गेली.

वृत्तांत लिहायचं काम नीलांबरीचंच होतं. तिने साहेबांच्या नावापुढे ते वचन लिहिलं, मार्च महिन्यासकट, आणि वृत्तांत मंत्रालयाला पाठवून दिला.