बुधीबाईचे दोन होकार

मोहाचं एकच फूल चटईच्या काठाशी पडलं होतं, फिकट पिवळं, फुगलेलं, आत रस भरल्यासारखं – आणि एक मुंगी त्याच्याभोवती फिरत होती, आत शिरायला वाट शोधत, पुन्हा पुन्हा तिथंच येत. प्रमिलाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या, कारण समोर बसलेल्या बुधीबाईकडे पाहायचं त्यांना या क्षणी जमत नव्हतं. आत्ताच बुधीबाईनं एकाच प्रश्नाला दोनदा होकार दिला होता, आणि दोन्ही वेळा त्याच शांत चेहऱ्यानं.

प्रश्न साधा होता. गावातलं सरकारी परवान्याचं दारूचं दुकान बंद करावं की नाही, हे ठरवण्याआधी लोकांना विचारावं, असं वरून आलं होतं. पुरुषांना अव्वल कारकून विचारणार, बायकांना बाईमाणसानंच विचारायला हवं, म्हणून धुळ्याच्या मुलींच्या शाळेतल्या प्रमिलाबाईंना शिरपूरपलीकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावात पाठवलं होतं. सोबत हिलालभाऊ, कचेरीतले जुने शिपाई. सकाळपासून बायका एकेक करून येत होत्या, बसत होत्या. दुकान बंद व्हावं का? हो. सगळ्यांचं हो. इतकं सरळ हो की प्रमिलाबाईंना आधी आनंद झाला, मग कसंसंच वाटू लागलं, आणि बुधीबाई आली तेव्हा त्यांनी उगाचच उलटं विचारून पाहिलं – मग दुकान चालू राहावं का?

"हो," बुधीबाई म्हणाली.

"अगं, दोन्ही कसं हो?"

बुधीबाईनं पदर सारखा केला. "तू इतली लांबथीन उनी माय. तुले नही कसं म्हनू?"

हे बोल त्यांना समजायला काही अडचण नव्हती. माहेरी, पिंप्राळ्याला, घरात असंच बोलत. अडचण वेगळीच होती. म्हणजे सकाळपासूनचे सगळे होकार... ते दुकानाविषयी नव्हतेच? उन्हातून आलेल्या पाहुणीला पाणी द्यावं तसे ते दिलेले होते? आणि मी ते घेत गेले, खूश होत गेले.

हिलालभाऊ दाराशी उभे होते. "बाई, पहिलं उत्तर धरा अन् पुढे चला. वर कुणी दुसऱ्यांदा विचारणार नाही."

खरं होतं. पण 'तुमच्या मनाविरुद्ध काही करायचं नाही'... हे कोण म्हणालं होतं? सुकदेव भाऊजी. गेल्याच पंधरवड्यात, सासरी नरडाण्याला, जेवणं झाल्यावर. 'वहिनी, दादा जाऊन दोन वर्षं झाली. धुळ्याची खोली सोडा, शाळा सोडा, आमच्यात राहायला या. पण तुमचं मत काय ते आधी सांगा.' सगळे त्यांच्याकडे पाहत होते. सासूबाईंचे डोळे तर आधीच भरलेले. किती प्रेमानं विचारलं होतं. आणि त्या म्हणाल्या होत्या – हो. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी माजघराजवळची खोली सारवायला घेतली. शाळेत अजून सांगितलं नव्हतं. सांगू, सांगू म्हणत दिवस जात होते, आणि आपण का सांगत नाही हे त्यांचं त्यांनाच उमगत नव्हतं.

"मी पाहुणी नाही असं समज," त्या बुधीबाईला म्हणाल्या. "मी इथं नाहीच. तुला स्वतःला काय हवंय?"

बुधीबाईनं दाराकडे पाहिलं. हिलालभाऊ दारातून बाजूला होईपर्यंत प्रमिलाबाई थांबल्या. मग ती हळू बोलू लागली, चटईकडे पाहत. तिचा नवरा वेस्ता रोज पितो. दुकान बंद झालं तर बरंच. त्या दुकानाकडे पाहिलं तरी तिचं डोकं फिरतं. पण मागं एकदा ते बंद होतं.

"तवय तो प्याले नदीपार गया. दुसरा दिन नालामा सापडना, पाय मोडेल. आठे पेस तं माले दखास तरी." ती थांबली. "मंग आते मी काय म्हनू? तूच सांग."

इथं पितो तर निदान नजरेसमोर असतो... दुकान नको, आणि तो मात्र दिसायला हवा. याला हो म्हणायचं की नाही? प्रमिलाबाईंनी टाक दौतीत बुडवला, तसाच धरून ठेवला. शाई टोकावर सुकली. इतक्या बायका 'हो' म्हणून गेल्या, त्यांच्याही पोटात असंच काही असेल का, आणि आता त्यांना परत बोलावून विचारायचं म्हटलं तर पुन्हा पाहुणीला द्यायचंच उत्तर मिळेल ना? बुधीबाई वाट पाहत होती. प्रमिलाबाई म्हणाल्या, "मलाही नाही सांगता येत गं." तेव्हा बुधीबाई पहिल्यांदा हसली, आणि निघून गेली.

त्यांनी बुधीबाईच्या नावापुढे काहीच लिहिलं नाही. रिकामी जागा पाहून हिलालभाऊंनी भुवई उचलली.

परतीला बैलगाडी डोंगर मागं टाकत निघाली. धूळ उडत होती. त्यांनी ठरवलं, बुधीबाईला विचारलं तसं स्वतःला विचारायचं, मध्ये न बोलता, थांबून – प्रमिला, नरडाण्याला जायचंय का तुला? सासूबाईंचा सुरकुतलेला हात आठवला, तो हवासा वाटला. लगेच शाळेची घंटा, फळ्यावरचा खडूचा वास, संध्याकाळी कुणीही हाक मारणार नाही अशी धुळ्याची ती लहानशी खोली... तीही हवीशीच. उत्तर येतंय असं वाटे, आणि ते कुणाच्या तरी आवाजात असे – भाऊजींच्या, वारलेल्या नवऱ्याच्या, कधी मुख्याध्यापिकाबाईंच्या. माझा आवाज कोणता? मला तो ओळखू तरी येईल का?

विहिरीपाशी गाडी थांबली. हिलालभाऊंनी तांब्या भरून आणला. "बाई, पाणी पाहिजे का?"

"हो," प्रमिलाबाई म्हणाल्या.

तांब्या हातात आला, गार, जड. हिलालभाऊ समोर उभे होते. आणि त्या तो तसाच धरून बसून राहिल्या – आपल्याला खरंच तहान लागली आहे का, हे आठवण्याचा प्रयत्न करत.